गाडी कुठची?

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर तासभर उभं राहिलं की अर्धी मुंबई डोळ्यांसमोरून जाते. परशुराम घाट उतरून आलेल्या गाड्या दमलेल्या असतात. टपावर ताडपत्रीखाली बांधलेलं सामान, मागच्या काचेला टेकलेलं मखर, चाकावर रात्रभर न झोपलेला कुणाचा तरी जावई. टपरीवर चहा घेताना एकच प्रश्न कानावर पडतो, "गाडी कुठची?" उत्तर येतं, "विरारची," "डोंबिवलीची," "घाटकोपर." गाडी आज जिथून निघाली ते तिचं गाव. कंपनीचं नाव कुणी सांगत नाही आणि विचारणाऱ्यालाही ते नको असतं.

हाच प्रश्न मंत्रालयात किंवा जकात कचेरीत विचारला की अवघड होऊन बसतो. समजा, नाक्यावरून ओळीने चार गाड्या गेल्या. पहिली मारुती. नाव आपल्या देवाचं, पण कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर जपानच्या सुझुकीकडे. दुसरी ह्युंदाई. कंपनी कोरियाची, गाडी तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला तयार झालेली. तिसरी एमजी. नाव जुन्या इंग्रजी कंपनीचं, ते आता चीनच्या सरकारी 'सैक' कंपनीच्या मालकीचं, कारखाना गुजरातेत हलोलला आणि भागीदार भारतीय जिंदाल समूह. चौथी रेंज रोव्हर. तिचं माहेर इंग्लंडमधलं सोलिहल, पण २००८ पासून मालक टाटा, म्हणजे फोर्टमधलं बॉम्बे हाउस. यांतली परदेशी कुठली? मालकी, कारखाना, सुटे भाग, आराखडा, नफा यांपैकी कुठला धागा ओढाल त्यावर उत्तर ठरतं. गंमत म्हणजे गेल्या शंभर वर्षांत आपल्या राजकारणाने दर पिढीला वेगळा धागा ओढला आहे.

त्या इतिहासाकडे जाण्याआधी जरा रस्त्यावरच्या शब्दांकडे पाहू. खेर्डीच्या एमआयडीसीतून माल न्यायचा तर माणूस 'टेम्पो' बोलावतो. टेम्पो हे हॅम्बुर्गजवळच्या विडाल आणि सोन या जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली. मूळ जर्मन कंपनी केव्हाच दुसऱ्यांच्या पोटात गेली, पुण्याच्या कंपनीनेही २००५ मध्ये स्वतःचं नाव फोर्स मोटर्स करून घेतलं, आणि 'टेम्पो' मात्र मराठीत राहिला. 'जीप'चंही तेच. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाअखेर अमेरिकन विलीज कंपनीच्या जीप मुंबईत जोडायला घेतल्या. पुढे घाटाघाटांत वडापचा धंदा ज्या गाड्यांवर चालला, त्यांचं कूळ तिथवर जातं. एसटीचंही वेगळं नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्डची होती, आणि बेडफर्ड म्हणजे अमेरिकन जनरल मोटर्सची इंग्लंडमधली शाखा.

या सगळ्यांत टाटांच्या ट्रकची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला. ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. आजही जुने ड्रायव्हर त्या ट्रकला 'मर्सिडीज' म्हणताना आढळतील. १९६९ ला करार संपला, तारा उतरला, त्याजागी 'टी' अक्षर आलं, आणि ट्रक तसेच घाट चढत राहिले. पंधरा वर्षांत कारखान्यातल्या लोकांनी काय शिकून घेतलं होतं, ते तारा उतरल्यावर कळलं. परदेशी गाडी घेतल्याने देशाचा तोटा होतो की नाही याचा हिशेब करताना मी तरी हीच एक कसोटी लावतो: तारा उतरल्यावर मागे काय उरलं?

या कसोटीवर आपली सुरुवात फिकी आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डची कंपनीही त्याच सुमारास भारतात उतरली होती. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे ते जोडले जायचे. हातांना काम होतं, पण इंजिन ओतण्याची विद्या पेटीतून येत नव्हती. ही उणीव पहिल्यांदा नीट हेरली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. तिशीच्या दशकात त्यांनी मुंबईत संपूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली. तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते बाळ गंगाधर खेर. त्यांचा जन्म आपल्या रत्नागिरीचा. खेरांच्या मंत्रिमंडळाने योजनेला पाठिंबा दिला. पण १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेमागचं बळ गेलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद क्रायस्लरशी बोलणी करून तयार होते, पण युद्धकाळातल्या इंग्रज सरकारला भारतीय मोटार कारखान्याची निकड पटेना. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोरी घट्ट केली. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर १९५३ मध्ये ठरलं की ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. पुढे बिर्लांची अँबॅसडर आणि वालचंदांची फियाट हीच बहुतेक गिऱ्हाइकांची दुनिया उरली. त्यामागचं अर्थकारण खोटं नव्हतं. परकीय चलनाची गंगाजळी तोकडी होती, आणि डॉलर धान्यावर, यंत्रांवर खर्च करायचे की श्रीमंतांच्या मोटारींवर, या प्रश्नाचं उत्तर त्या काळी कुठल्याही अर्थमंत्र्याने तेच दिलं असतं. पण स्पर्धा नसलेल्या कुंपणात कारखाना आळसावतो. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं आणि हाती आलेली गाडी बापाच्या काळातल्याच साच्याची निघायची. तीच फियाट पुढे पद्मिनी झाली, काळीपिवळी टॅक्सी झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिला अधिकृत निरोप मिळाला तो २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांत मीही आहे, पण इटलीने साठीतच मोडीत काढलेला साचा आपण शतक संपेपर्यंत घोटत बसलो, हेही खरंच.

मारुती आली १९८३ च्या डिसेंबरात, किंमत ४७,५०० रुपये. सुरुवातीला भागांचा मोठा हिस्सा जपानहून यायचा. १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी चलनांच्या दरांबद्दल समझोता केला आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत डॉलरच्या तुलनेत येन जवळपास दुपटीने महागला. गाडी गुडगावात जोडायची आणि तिचा भाव टोकियोच्या चलनबाजारात ठरायचा, अशी अवस्था. सरकारी सक्ती होतीच, पण महाग येनने भाग देशात बनवण्याची निकड जितकी पटवली तितकी ती कुठल्याही परिपत्रकाने पटली नसती.

परकीय चलनात बांधलेल्या कराराचा चटका चिपळूणकरांना वेगळा समजवायला नको. तासाभराच्या अंतरावर गुहागर तालुक्यात अमेरिकन एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प उभा राहिला. विजेच्या दरातला मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता. रुपया घसरला की इथे न वापरलेल्या विजेचंही बिल फुगायचं. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा 'परदेशी गुंतवणूक' हा शब्द या भागात बराच काळ तोंड वाकडं करूनच उच्चारला जात होता.

१९९१ नंतर दारं उघडली, पण साखळी लावूनच. १९९७ च्या डिसेंबरात केंद्राने फर्मान काढलं की परदेशी मोटार कंपनीने किमान ५ कोटी डॉलर गुंतवावेत, तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशातले वापरावेत, आणि जेवढ्याची आयात कराल तेवढ्याची निर्यात करून दाखवावी. युरोपीय संघ आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले, आणि २००१ च्या अखेरीस निकाल भारताच्या विरोधात लागला. त्या अटी गेल्या. पण तोवर चाकणपासून चेन्नईपर्यंत भाग बनवणाऱ्यांची फळी उभी राहिली होती. न्यायाच्या तराजूत आपण हरलो, बाजारात पुरते हरलो नाही.

त्याच काळात, १९९८ मध्ये, 'पहिली पूर्ण भारतीय गाडी' म्हणून टाटांची इंडिका आली. तिचं बाह्यरूप इटलीतल्या तुरीनच्या आयडिया या संस्थेने घडवलं होतं आणि पिंपरीतल्या तिच्या कारखान्यातली यंत्रं ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणली होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिलाई मशीन परदेशी असलं तरी सदरा आपल्या मापाचा बेतता येतो.

आता तयार गाडी बोटीने आणायची असेल तर काय होतं ते पाहू. ४० हजार डॉलरांपेक्षा महाग गाडीवर आज मूळ जकात ७० टक्के आणि शेतीच्या पायाभूत सोयींसाठीचा उपकर ४० टक्के, मिळून ११०. म्हणजे कुणी महागडी इटालियन गाडी आणली की त्यातून गोदामं आणि शीतगृहं उभी राहायची आहेत, निदान कागदावर तरी. पुढे जीएसटी, मग नोंदणी. बंदरावर उतरलेली गाडी शोरूमला पोचेपर्यंत तिप्पट वजनाची होते म्हणायला हरकत नाही. २००३ मध्ये सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीची सुमारे १ कोटी १३ लाखांची जकात सरकारने माफ केली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! ज्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं होतं त्या देशालाही ही माफी पचली नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर फियाट कंपनीने ती रक्कम भरली. जकात ही नुसती तिजोरीची बाब नसते. शेजाऱ्याला लागते ती मलाही लागते, हा दिलासाही तिच्यात असतो.

जुन्या गाडीची वाट तर याहून अरुंद. २००१ च्या नियमानुसार ती तीन वर्षांहून जुनी नसावी, चाक उजवीकडे असावं, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरावी. चिपळूणच्या खाडीपट्ट्यातल्या गावांतून आखातात गेलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणले, घड्याळं आणली, सोनं आणलं, गावात माड्या उठवल्या. पण तिथे चालवलेली गाडी कुणी गोवळकोटच्या रस्त्यावर आणली नाही. आखातातल्या गाडीचं चाक डावीकडे. जकातीचा हिशेब करायची वेळच येत नाही, नियमाच्या पहिल्याच ओळीत बात संपते.

सुट्या भागांवर जकात कमी, जोडायला तयार संचावर जास्त, पूर्ण गाडीवर सर्वांत जास्त. या पायऱ्यांतून एक जुनाच तात्त्विक प्रश्न कोर्टात आला आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. तर आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि तरी रथ समोर उभा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्याच शहराजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा-फोक्सवॅगनला १४० कोटी डॉलरच्या कराची नोटीस काढली. आरोप असा की जवळजवळ अख्ख्या गाड्याच वेगवेगळ्या खेपांत, सुटे भाग म्हणून आणल्या गेल्या. कंपनीला तो मान्य नाही आणि तिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. चाकं एका बोटीत, दरवाजे दुसऱ्या बोटीत, गिअरबॉक्स तिसऱ्या. रथ नेमका कुठे सुरू होतो? नागसेनाला वकीलपत्र द्यावं की खात्याने त्याला साक्षीला बोलवावं, मला ठरवता येत नाही.

पण या सगळ्या वादांचं एकच गाव शोधायचं तर मी तळेगाव दाभाड्यांचं नाव घेईन.

बंगभंगाच्या चळवळीत स्वदेशीचा वणवा पेटला त्या सुमारास अंताजी दामोदर काळे यांची पैसाफंडाची कल्पना पुढे आली. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी तिला बळ दिलं. (चिपळूणहून रत्नागिरीकडे जाताना संगमेश्वरला पैसाफंडाच्या नावाची शाळा लागते, ती याच चळवळीची आठवण.) त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. तो उभारायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. काच कशी बनवायची हे ते शिकले होते जपानमध्ये आणि अमेरिकेत. विलायती बांगड्या फोडण्याच्या त्या काळातही टिळकांच्या मंडळींना परदेशी माल आणि परदेशी विद्या यांतला फरक स्वच्छ कळत होता. तळेगावच्या भट्टीवर शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. पुन्हा तेच: तारा उतरल्यावर मागे काय उरलं.

बरोबर शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. शिवडीहून गेलेली कंपनी महाराष्ट्रात परत आली होती. स्पार्क, बीट या शेवरोले गाड्या तिथून निघाल्या. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं थांबवतो. हलोलचा आपला दुसरा कारखाना तिने चीनच्या सैकला विकला, आणि त्यावर फारसं कुणी काही बोललं नाही. तळेगावात निर्यातीपुरतं काम चालू राहिलं, तेही २०२० च्या डिसेंबरात थांबलं. हजाराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांची लढाई न्यायालयांत लांबत गेली.

मधल्या काळात तळेगावचा कारखाना विकत घ्यायला चीनची ग्रेट वॉल मोटर्स पुढे आली होती. १५ जून २०२० ला महाराष्ट्र सरकारने गुंतवणुकीचे सामंजस्य करार केले, त्यात ग्रेट वॉलचा ३,७७० कोटींचा करार होता. त्याच रात्री लडाखमध्ये गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान मारले गेले. आठवड्याभरात करार स्थगित झाला. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी सक्तीची करणारा नियम एप्रिलमध्येच आला होता. ती मंजुरी आली नाही, आणि २०२२ च्या मध्यात ग्रेट वॉलने नाद सोडला. २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेतला, २०२५ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या.

ग्रेट वॉलला थांबवण्याच्या निर्णयाला चूक म्हणणं मला जमत नाही. ज्या आठवड्यात जवानांच्या शवपेट्या घरी येतात त्या आठवड्यात कुठलंही सरकार असा करार पुढे नेऊ शकत नाही. मोटार आता चार चाकांवरचा संगणक झाली आहे. ती कुठे जाते, कुठे थांबते हे तिला ठाऊक असतं, आणि ते ऐकणारा सर्व्हर कुठल्या देशात आहे हा प्रश्न सुरक्षा खात्याने विचारायलाच हवा. पण मग सुसंगती शोधायला जाऊ नये. १५ जुलै २०२५ ला वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं पहिलं शोरूम थाटात उघडलं. तिथली गाडी तेव्हा अमेरिकेत साधारण ४५ हजार डॉलरना होती, इथे ६० लाखांच्या घरात. नाव अमेरिकेचं, आणि या गाड्या आल्या होत्या शांघायहून. चिनी मालकाने तळेगावात मराठी कामगार लावून बनवलेली गाडी नको होती. अमेरिकन मालकाने चीनमध्ये चिनी कामगार लावून बनवलेली चालली. दोन्ही निर्णयांना आपापली कारणं आहेत. फक्त ती कारणं अर्थशास्त्राची नाहीत.

आणि 'मित्रदेशा'ची कंपनी आली म्हणून पैसा इथेच राहतो असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने शेअर विकून २७,८७० कोटी रुपये उभे केले. ती तोवरची देशातली सर्वांत मोठी शेअरविक्री होती. सगळे शेअर मूळ कोरियन कंपनीच्या हातातले होते, त्यामुळे सगळा पैसा तिकडे गेला. तो इथल्या कारखान्यात घालायचं बंधन नव्हतं, आणि बेकायदाही काही नव्हतं.

उलट दिशेनेही गाडी चालते. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी व्यापार करार झाला. ठरावीक कोट्यापुरती तिथल्या मोटारींवरची जकात शंभराच्या वरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायची आहे. इंग्लंडहून येणाऱ्या महागड्या गाड्यांत मोठी कंपनी कुठली? टाटांची जॅग्वार लँड रोव्हर. परदेशी गाडी स्वस्त झाल्याने भारतीय कंपनीचा फायदा, हे वाक्य विश्वेश्वरय्यांना दोनदा वाचावं लागलं असतं.

राग मात्र एवढा बारीक हिशेब करत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने तिथे वर्षाला १६ लाख ८० हजारच मोटारी पाठवायचं कबूल केलं. डेट्रॉइटमध्ये कारखाने बंद पडत होते, कामगार जपानी गाड्यांवर हातोडे चालवत होते. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्याच परिसरात व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटार कारखान्याशी संबंधित दोघा गोऱ्यांनी बेसबॉलच्या दांड्याने ठार मारलं. तो जपानी नव्हताच, चिनी वंशाचा अमेरिकन होता. त्याच वर्षी ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडाने अमेरिकन कामगारांकडून गाड्या बनवून घ्यायला सुरुवात केली.

पुन्हा चिपळूणला येऊ, कारण इथे एका रात्रीत सगळ्या गाड्यांची पोटं उघडी पडली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं. बाजारपेठेत ते पहिल्या मजल्याला भिडलं. चिंचनाका, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, सगळीकडे दारातल्या गाड्या तरंगल्या, एकमेकींवर चढल्या. पाणी ओसरल्यावर शहर गाळाने माखलेलं, आणि रस्त्यारस्त्यांवर टोचनच्या रांगा.

जुन्या धाटणीच्या डिझेल जीपचं एक बरं असतं. इंजिन उघडून, तेल बदलून, डिझेलची टाकी धुऊन ती पुन्हा धुगधुगी धरू शकते. नव्या गाडीचं तसं नाही. सीटखाली, डॅशबोर्डमागे, बॉनेटखाली तिचे छोटे छोटे मेंदू असतात, ज्यांना गॅरेजवाले सरसकट ईसीएम म्हणतात. गढूळ पाणी आत गेलं की तो डबा गेला. वायरिंग, सेन्सर, एअरबॅगचं युनिट, सगळ्याची एकच कहाणी. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात जगभर चिपचा दुष्काळ होता. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सांगितलं की हरियाणा आणि गुजरातचे कारखाने नेहमीच्या ४० टक्क्यांवरच चालतील. तैवान, मलेशिया इथून यायच्या, नखाएवढ्या चकत्या येत नव्हत्या म्हणून. नव्या गाडीलाच मेंदू मिळेना, तर बुडालेल्या गाडीला कुठून मिळणार? त्या आठवड्यांत चिपळुणात देशी गाडी आणि परदेशी गाडी असा भेद उरला नव्हता. पार्ट मिळणारी गाडी आणि पार्ट न मिळणारी गाडी, एवढ्याच दोन जाती होत्या. त्याच सप्टेंबरात फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि गाळ काढून आणलेली फोर्ड दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हा प्रश्न मालकांपुढे नव्याने उभा राहिला.

एक हिशेब राहिला, तो सहसा या वादात कुणी मांडत नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी, लिटरला अठरा देणारी गाडी साडेपाचशे लिटर पेट्रोल पिते. बारा वर्षांत साडेसहा हजार लिटर. पंपावरच्या भावात कराचा वाटा मोठा असतो हे खरं, पण उरलेल्या पैशातला बहुतांश कच्च्या तेलाचा, आणि ते तेल आपण ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. गाडी कितीही देशी घ्या, तिच्यातला एक मोठा परदेशी भाग टाकीच्या झाकणातून आत जातो. राजापूर तालुक्यात नाणारला जी रिफायनरी व्हायची होती, त्यात २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीची ॲडनॉक भागीदार म्हणून आल्या होत्या. आंदोलनापुढे २०१९ मध्ये ती जागा सोडावी लागली. आंब्याच्या कलमांचा आणि मासेमारीचा तो लढा होता. आम्हा रत्नागिरीकरांच्या गाड्या मात्र त्याही दिवसांत आखाती तेलावरच आंदोलनाला पोचत होत्या.

विजेची गाडी घेतली तर? हा प्रश्न चिपळूणला वेगळ्या हक्काने विचारता येतो, कारण कोयनेची वीज याच तालुक्यात, पोफळीच्या डोंगराच्या पोटात तयार होते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस गाडीत भरायचा, आखाताला रामराम. पण मोटर फिरते ती चुंबकांवर, आणि त्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या शुद्धीकरणावर चीनची जवळपास मक्तेदारी आहे. ४ एप्रिल २०२५ ला चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, आणि काही महिन्यांत आकुर्डीला बनणाऱ्या बजाजच्या विजेवरच्या चेतकचं उत्पादन चुंबकांअभावी कमी करावं लागलं. चेतक हे राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव. त्या नावाची पहिली स्कूटर १९७२ ची, इटलीच्या व्हेस्पाच्या वळणावर घडवलेली, कारण बजाजने त्याआधी पियाजिओच्या परवान्यावर वर्षानुवर्षं व्हेस्पाच बनवली होती. परवाना संपल्यावर स्कूटर बनवणं थांबलं नाही. चुंबकांची टंचाई झाल्यावर मात्र घोडा अडखळला. २०२५ मध्ये तो परवान्यांच्या आणि पर्यायी चुंबकांच्या शोधात होता.